वीरगळाचा वरचा कप्पा

बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मला कळले की माझा देव तिच्याबरोबर मातीखाली गेला आहे आणि तिचा देव माझ्या गळ्यात राहिला आहे. पुढे अडीच महिने ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आज लिहितो आहे ते, असाच एखादा घोळ मनात धरून कोणी बसला असेल तर त्याच्या उपयोगी पडावे म्हणून.

आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गुरूंच्या हातून एक छोटेसे लिंग मिळते. ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचे, रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. माणूस गेले की त्याला बसवून समाधी देतात आणि त्याचे लिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात. ज्याचे त्याचे वेगळे, नवरा-बायकोचेसुद्धा.

त्या श्रावणात ती तापाने पडली. तीन आठवडे तिला उठून बसवेना, म्हणून तिच्या लिंगाची पूजाही मीच करी. माझे आणि तिचे एकाच ताम्हनात ठेवायचो आणि ती अंथरुणातून पाहत असायची. "आधी माझं धुवा, तुमचं मागून," असे ती एकदा हसून म्हणालीही होती. शेवटच्या दिवशी सकाळी मी दोन्ही लिंगे पुसली आणि डब्यांत ठेवली. ठेवली ती हातांनी, मन तिच्या श्वासाकडे लागलेले. डब्या एकाच सोनाराने घडवलेल्या होत्या, तरी तिच्या डबीची बिजागरी ढिली होती, त्यामुळे डबी ओळखायला मी चुकलो नाही. चुकलो ते आतल्या लिंगात. दुपारी ती गेली. समाधीचे विधी करायला आलेले मठपती म्हणाले, "बाईंचं लिंग द्या." मी तिची डबी उघडून दिली.

मधल्या दिवशी ना पूजा झाली ना जेवण; तिसऱ्या दिवशी पूजेला बसून माझी डबी उघडली. माझ्या लिंगावरचा काळा लेप शिवरात्रीलाच नवा केलेला होता. हातात आलेल्या लिंगाचा लेप मात्र एका बाजूला झिजून तिथे किंचित खळगा पडला होता. पूजा करताना ती अंगठा तिथेच टेकवी. मी डबी मिटली आणि तशीच गळ्यात घातली.

मी पाटोद्याच्या तालुका शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर, होतो. राज्य निजामाचे, त्यामुळे दिवसभर मुलांना उर्दूतून हिशेब नि भूगोल शिकवायचा आणि घरी येऊन वडिलांच्या मराठी पोथ्या काढून बसायचे, असा माझा क्रम. काही अडले की माणसांना विचारण्याआधी पुस्तकाला विचारायचे, ही खोड तेव्हापासूनची. या वेळीही तेच केले. एका पोथीत होते की लिंग हरवले तर सापडेपर्यंत अन्न घेऊ नये. दुसरीत होते की गुरूंकडून नवे घ्यावे. आपले दुसऱ्याकडे गेले आणि दुसऱ्याचे आपल्याकडे आले तर काय करावे, हे कुठेच नव्हते. गुरूंना सांगितले असते तर त्यांनी मला नवे दिले असते आणि तिचे माझ्याकडून घेऊन एखाद्या नदीत सोडले असते. ते मला होणार नव्हते. तिची लुगडी बहिणींनी नेली, भांडी घरात मिसळून गेली. तिने रोज हातात धरलेले असे एवढेच उरले होते. म्हणून मी सांगितले नाही आणि दुसऱ्याच्या देवाची स्वतःसाठी पूजा करायचा अधिकार नाही म्हणून पूजाही केली नाही. डबी गळ्यात बंदच राहिली. जेवत मात्र होतो, आणि प्रत्येक घास दुसऱ्याच्या ताटातला उचलल्यासारखा वाटे.

कार्तिकातली कपिलधारची यात्रा पांगली तसा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, गाडीवानाबरोबर निरोप आला. अक्काचे सासर कपिलधारच्या वरच्या पठारावर. तिथून रानातली पायवाट खाली दरीत उतरते. जेमतेम अर्धा कोस, लेकरे नि म्हाताऱ्यासुद्धा हसतखेळत चालतात अशी. निरोप होता, "आप्पाला सांगा, जेवायला येऊ नको, चालायला ये." मी त्याच दिवशी ठरवले. कपिलधारला तिथल्या संतांच्या समाधीपाशी एक वृद्ध जंगम, आमच्यातले गुरू, राहत, त्यांना सगळे सांगायचे आणि डबी त्यांच्या पुढ्यात ठेवायची. ती घेऊन टाकतील तर टाकोत. डबी गुंडाळायला एक धुतलेले पांढरे फडकेही मी बरोबर घेतले होते.

सकाळी उन्हे वर आल्यावर आम्ही अक्काच्या घरून निघालो. अक्का, तिचे यजमान दाजी, त्यांच्या दोन मुली आणि मी. थोरली गंगू नऊ वर्षांची, धाकटी मथी सहाची. दाजींचे किराणा दुकान, अंगाने भरलेले, चालायची सवय नाही. डोक्यावर छत्री आणि काखेत धपाट्यांचे गाठोडे घेऊन ते सगळ्यांच्या मागे. पावसाळा सरून महिना झाला होता, तरी दरीतून येणारा वारा ओला होता. वाटेच्या दोन्ही अंगांना सीताफळीची झाडी, मधून पळस, धावडा, बेल. गवत पिवळे पडायला लागलेले. मुली पुढे पळत आणि काही दिसले की परत येऊन हात ओढत. खरे सांगायचे तर पहिल्या वळणावरच मला बरे वाटू लागले होते आणि त्याची लाजही वाटत होती.

घाटाच्या तोंडाशी एक पडकी चौकी आहे. छप्पर गेलेले, जोते तेवढे शाबूत. पूर्वी इथे पहारा असे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती होई, असे मी मुलींना सांगत होतो. दाजी दम खायला त्याच जोत्यावर टेकले आणि गाठोडे शेजारी ठेवले. भिंतीवरून एक वानर उतरले, अगदी सावकाश, ओळखीचे असल्यासारखे. त्याने गाठोड्याची गाठ सैल केली, शेंगांच्या चटणीची पुरचुंडी तेवढी उचलली आणि झाडावर जाऊन बसले.

"झाली झडती," अक्का म्हणाली.

"आगं, हाकल की त्याला," दाजी म्हणाले.

"मी कावून हाकलू? पहारा तुमच्याकडं व्हता."

चटणी तिखट लागली असावी. वानराने एकदा तोंड वेंगाडले आणि पुन्हा खाल्ली. मुली हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मीही हसलो. अक्काने माझ्याकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले.

पुढे खडकात खोदलेले टाके लागते. कोणी खोदले हे कोणालाच सांगता येत नाही. आत उतरायला पायऱ्या आहेत. गंगूने त्या मराठीत मोजल्या आणि मथीने मी शिकवलेल्या उर्दूत. दोघींचा आकडा जुळेना, तेव्हा दोघी पुन्हा वर येऊन पुन्हा उतरल्या. पाणी इतके स्वच्छ की तळाची पाने दिसत होती. तिथून वाट दाट सावलीत शिरते आणि एका मोठ्या बेलाखाली पाच वीरगळ उभे आहेत. गावातले लोक त्यांना नुसते कोरीव दगड म्हणतात. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी असे दगड पूर्वी उभे करीत. त्यांच्याविषयी मी वाचलेले होते, त्यामुळे माझ्यातला मास्तर जागा झाला.

झाडाच्या बुंध्याशी एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. तिच्याजवळ तेलाची लहान वाटी होती. मी मुलींना त्यांतल्या एका दगडासमोर उभे केले आणि सांगू लागलो की हा दगड पोथीसारखा वाचायचा, पण खालून वर. सर्वांत खालच्या कप्प्यात गाई आणि तलवार घेतलेला माणूस. म्हणजे कोणी गावची गुरे पळवून नेत होते, ती सोडवताना हा पडला. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला वर नेत आहेत. सर्वांत वरच्या कप्प्यात तो कैलासात पोचला, लिंगापुढे बसला आहे आणि पलीकडे बसलेला पुजारी पूजा सांगतो आहे.

"मास्तर, दगडालाबी सबक देताव का?" मागून येऊन पोचलेले दाजी म्हणाले.

म्हातारीने तेलाचा हात पदराला पुसला. "पुजारी न्हाई त्यो. बायकू हाय त्याची."

मी नम्रपणे म्हणालो, "आजी, अशा दगडांवर पुजारीच असतो. पुस्तकात तसे दिले आहे."

"पुस्तक लिवनारा हितं आलता का?"

"सापडलं बाई कुनीतरी ह्याला," अक्का खुशीत म्हणाली.

"हात बघा की तिचा. दर सोमवारी तेल लावते मी, बोटाला बांगड्या लागतेत. तुमी नुसतं डोळ्यानं बघूलालाव."

मी वाकलो आणि त्या आकृतीच्या मनगटावरून अंगठा फिरवला. तेलात बसलेली धूळ निघाली आणि खाली एकाशेजारी एक अशा चार बारीक कडा बोटाला लागल्या. बांगड्याच होत्या. या वाटेने मी लहानपणापासून दहा वेळा तरी गेलो असेन. मी तसे कबूल केल्यावर गंगूने "मामा नापास" असे जाहीर केले.

मथी मात्र दगडाच्या अगदी जवळ जाऊन बघत होती. "मंग हिचं लिंग कुठंय?" तिने विचारले. "दोघायच्या मधी तर एकच हाय."

म्हातारी पाटीतली फळे उलथीपालथी करीत, आमच्याकडे न बघताच बोलली. "खाली असोस्तोर ज्याचं त्याच्या गळ्यात, बाळा. वर गेल्यावर कुनाचं कोन्तं हे कोन इचारतंय? त्याचं तिच्याकडं गेलं काय, नि तिचं त्याच्याकडं आलं काय. एकच हाय ते." आणि त्याच सुरात पुढे म्हणाली, "सीताफळं घ्या, शेवटची हाइत. उद्यापासून न्हाई मिळायची."

माझा हात आपोआप गळ्यापाशी गेला. त्या क्षणी काय वाटले ते मला नीट सांगता येणार नाही. अंगावर काटा आला नाही, डोळ्यांपुढे उजेड पडला नाही. बंद खोलीत खूप वेळ बसल्यावर कोणी बाहेरून सहज दार ढकलावे आणि ते कधीच कडी लावलेले नव्हते असे कळावे, तसे काहीसे झाले. तिला माझे काही माहीत नव्हते. माझ्या घरच्यांनाही माहीत नव्हते. तिने उत्तर दिले होते मथीला.

तरी ठरवलेले टाळायचे नाही, असे मी मनाला बजावले. एका म्हातारीच्या बोलण्याचा आधार घेऊन आपल्याला हवे ते करणे सोपे होते. खाली उतरेपर्यंत मी एकटाच पुढे चालत राहिलो. अक्काने एकदा विचारले, "काय झालं रं?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "काई न्हाई मनूनच वाळलास."

कपिलधारला पोचलो तेव्हा कड्यावरून पाणी अजून बऱ्यापैकी पडत होते. सगळ्यांनी हातपाय धुतले. मंडळी पूजेला बसली आणि डब्या उघडल्या जाऊ लागल्या. मी समाधीच्या ओट्याकडे गेलो. वृद्ध जंगम तिथे बसून बेलाची पाने निवडत होते. तीन पानांचे अखंड दल एका बाजूला, फाटलेले दुसऱ्या बाजूला. मी 'शरणार्थ' असा नमस्कार करून समोर बसलो आणि सांगायला लागलो. ताप, ताम्हन, डब्या, मठपतींचा हात, तिसरा दिवस, सगळे. मग डबी सोडून पांढऱ्या फडक्यावर ठेवली आणि ते फडके त्यांच्यापुढे सरकवले. अडीच महिन्यांत एवढे मी कधी घाबरलो नव्हतो.

त्यांनी पाने निवडणे थांबवले नाही. "पूजा किती दिवस नाही?"

"अडीच महिने."

"आणि जेवण?"

"जेवत होतो."

"म्हणजे देव उपाशी आणि तू जेवलेला. उलटं केलंस." ते किंचित हसले. "तिला हे कोणी दिलं होतं?"

"गुरूंनी."

"तुझं तुला?"

"गुरूंनीच."

ते पुन्हा पानांकडे वळले. मी वाट पाहत बसलो. काही वेळाने त्यांना मी अजून तिथेच असल्याचे दिसले असावे. त्यांनी एक अखंड दल उचलून डबीवर ठेवले आणि फडके माझ्याकडे परत सरकवले. "पाणी तिकडं आहे," ते म्हणाले. "आधीच उशीर झालाय."

प्रवाहाच्या कडेला एका दगडावर बसून मी डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतले, पाणी घातले, भस्म लावले. उजव्या हाताचा अंगठा टेकवला तो तिने झिजवलेल्या खळग्यात बसला. माझा अंगठा तिच्यापेक्षा मोठा, थोडा बाहेर राहिला. मी रडलो, पण ते रडणे कोरडे पडलेले काही भिजावे तसे होते. मंत्र म्हणताना दोनदा चुकलो आणि दोनदा पहिल्यापासून म्हटला.

अक्का केव्हा शेजारी येऊन उभी राहिली कळले नाही. तिने माझ्या तळहाताकडे पाहिले. ती आणि माझी बायको कितीदा शेजारी बसून पूजा करीत, तिला ओळखायला वेळ लागला नाही. मग म्हणाली, "नीट पूस. वैनीला वलं ठिवलेलं चालायचं न्हाई." आणि डोळे पुसत मुलींना ओरडायला निघून गेली. मुली काहीच करीत नव्हत्या.

जेवायला आम्ही वडाखाली बसलो. धपाटी, दही, कांदा. चटणी वानराकडे. मी किती खाल्ले ते मला समजले नाही, पण दाजींना समजले होते. "मास्तर," ते रिकामे फडके झटकत म्हणाले, "वानर बरं व्हतं. त्यानं धपाटी तरी ठिवलती." असा अपमान ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. ते अन्न माझ्या ताटातले होते.

परत चढताना म्हातारी बेलाखालीच होती, पाटीत दोन फळे उरलेली. दाजी आणि ती फळांच्या आकारावरून वाद घालू लागले. मी तिच्यापाशी बसलो आणि विचारले, "आजी, सकाळी तुम्ही बोललात ते तुम्हाला कोणी सांगितले होते?"

"काय मनलं मी?"

"त्याचे तिच्याकडे गेले, तिचे त्याच्याकडे आले."

तिने आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. "मनलं आसंल बाबा. दिसभर बडबड करते मी. कोन ध्यानात ठिवतंय?" मग माझ्याकडे जरा निरखून पाहिले. "कावून? चुकलं का काई?"

"नाही," मी म्हणालो, "बरोबर होते."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि दाजींना सांगू लागली की फळ लहान हाय पन गोड हाय, दुकानदारानं आकारावर जाऊ नये.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. तो चमत्कार होता की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचे सोडून दिले आहे. मला मदत हवी होती आणि ती मी पुस्तकांत शोधत होतो. ती आली एका अशा तोंडातून, ज्याला आपण काय बोललो हे संध्याकाळपर्यंत आठवलेसुद्धा नाही. तशी आली म्हणूनच मी ती देवाची मानतो. सांगणारीला आठवण राहिली असती तर मी तिचे उपकार मानून थांबलो असतो. जंगम महाराजांचे उपकार मानतोच. त्यांनी माझ्याकडून काही काढून घेतले नाही, पण मी ते त्यांच्यापुढे ठेवले नसते तर ते मला मिळालेही नसते. गळ्यात होते तेव्हा ते मी लपवलेले होते. सोडून दिल्यावर ते मला दिले गेले. शरण जाणे म्हणजे काय ते मला एवढेच कळले आहे.

रोज सकाळी पूजा होते. लेप नवा करून घ्या असे मठपती दर शिवरात्रीला सुचवतात, मी पुढल्या वर्षी म्हणतो. माझी वेळ येईल तेव्हा मला बसवतील आणि कोणीतरी म्हणेल, मास्तरांचं लिंग द्या. तेव्हा गळ्यातली डबी उघडून जे निघेल तेच माझ्या डाव्या तळहातावर ठेवावे. मथीला मी हे सांगून ठेवले आहे. ती आता मोठी झाली, तिला सगळे माहीत आहे. "मामा, ते मामीचं हाय असं कुनी मनलं तर?" असे तिने विचारले. मी तिला सांगितले, हो म्हणावे आणि ठेवावे.